भवानीचं गिऱ्हाईक

१

सिंगापुरात जू चियाटच्या रस्त्याला जुन्या दुकानघरांची एक लांबच लांब रांग आहे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अशी शंभरएक वर्षांपूर्वी बांधलेली. आता वर कुणी राहत नाही आणि खाली कुणी तांदूळ विकत नाही. एका घरात नखं रंगवून देतात, एकात मांजरांना आंघोळ घालतात, आणि एकात कॉफी इतकी महाग मिळते की पिणारा कप संपवायलाच कचरतो. बाहेरून मात्र सगळी घरं जशीच्या तशी, कारण सरकारी नियमच तसा आहे. लाकडी जिना बदलायचा नाही, वरच्या मजल्याच्या फळ्या उपटायच्या नाहीत, खिडकीची झडप मोडली तर तशीच दुसरी घडवून बसवायची.

यातल्या एका घरात उन्मेषने कापडाचं दुकान थाटलं. वीस वर्षं त्याने वन-नॉर्थच्या आयटी वसाहतीत सॉफ्टवेअर लिहिलं होतं. एका सोमवारी कंपनीने तीस जणांना एकदम नारळ दिला, त्यात हाही होता. बायको निहारिका नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात लॅब सांभाळत होती, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळालेला होता, त्यामुळे गाशा गुंडाळायची वेळ आली नाही. पण घरी बसून माणसाचं डोकं फिरतं. मग त्याला साताऱ्याचं दुकान आठवलं. वडिलांच्या, म्हणजे पद्माकररावांच्या त्या कापड दुकानात बसायला लाज वाटते म्हणून तर हा इंजिनिअर झाला होता! आता शेचाळिसाव्या वर्षी तो स्वतःच कात्री आणि मीटरपट्टी घेऊन गल्ल्यावर बसला. नशिबाला विनोद बरा जमतो.

त्यांची आठ वर्षांची मुलगी ऋता शाळेच्या बसने दोन वाजता दुकानापाशी उतरायची, आणि सात वाजता निहारिका येऊन तिला सेरंगूनच्या घरी न्यायची. नोकरीच्या काळात उन्मेषने ही पोर बहुतेक झोपलेलीच पाहिली होती. खरं सांगायचं तर दुकानापेक्षा त्याला या पाच तासांचं अप्रूप जास्त होतं. ती गल्ल्यामागे बसून गृहपाठ करायची, कापडाच्या चिंध्या गोळा करायची, आणि त्याच्या मराठी प्रश्नांना बहुतेक इंग्रजीत उत्तरं द्यायची.

वडिलांचा एक नियम मात्र त्याने सोबत आणला होता. सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती गोडीने झाली की दिवस मार्गी लागतो. म्हणून भवानीच्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. त्याने मागितलं ते दाखवायचं, घासाघीस केली तर सोसायची. पद्माकररावांनी चाळीस वर्षांत एकदाही तो शब्द उच्चारला नव्हता, आणि मुलालाही तो उच्चारायला शिकवला नव्हता.

२

मार्चमध्ये, दुकानाच्या पहिल्याच दिवशी, अकरा वाजता उन्मेषने दुमडती लाकडी दारं उघडली, उदबत्ती लावली आणि उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. पाठ वळवतो तोच दारात एक गृहस्थ उभे. पन्नाशीचे, चिनी, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पायात काळे चामडी बूट. डावा पाय जरासा ओढत ते आत आले. इरकलीकडे त्यांनी पाहिलं नाही, खणांकडे पाहिलं नाही. छताकडे बघून म्हणाले, "अपस्टेअर्स कॅन सी, आह?"

वर काय होतं? एक लांबट रिकामी खोली. पुढेमागे तिथे माल ठेवायचा विचार होता. पण भवानीचं गिऱ्हाईक! उन्मेष हसून म्हणाला, "कॅन, कॅन."

गृहस्थ जिना चढले. पंधरा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी बोलकी. उन्मेष ऐकत होता. मग दोन बायका आल्या, मग आणखी चौघी, आणि गिऱ्हाईक असं लागलं की त्याला पाणी प्यायला सवड मिळाली नाही. सात वाजता दारं ओढताना त्याला एकदम त्या माणसाची आठवण झाली.

तो वर गेला. खोली रिकामी होती. रस्त्याकडे तीन खिडक्या, झडपा आतून बंद. मागच्या बाजूला घराच्या आतल्या चौकात उघडणारी एक खिडकी, तिला गज. पायाखाली हातभर रुंद फळ्या, आणि खालच्या दाराच्या बरोबर वर, एका फळीत, वीतभर चौकोनी भोक. त्यावर सरकतं झाकण. दार कोण ठोठावतंय ते जुन्या काळी घरातल्या बायका यातून बघायच्या, असं घर दाखवणाऱ्या एजंटने सांगितलं होतं. उन्मेषने झाकण नीट बसवलं.

मी मागे हात धुवायला गेलो होतो, तेव्हा उतरले असतील, असं त्याने स्वतःला समजावलं. जिना गल्ल्याला चिकटून उतरतो आणि त्याची एकही पायरी गप्प बसत नाही, ही गोष्ट त्याने त्या दिवशी बाजूला ठेवली.

३

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक कॉलेजातली मुलगी आली. तिसऱ्या दिवशी टोपी घातलेला डिलिव्हरीवाला. चौथ्या दिवशी बाबागाडी बाहेर लावून आलेली एक आई. दर वेळी माणूस नवा, आणि प्रश्न तोच. "अपस्टेअर्स कॅन सी, आह?" आणि उन्मेषचं उत्तरही तेच. मग उरलेला दिवस भरभराटीचा.

त्याने जिन्याशी कॅमेरा बसवला. वीस वर्षं संगणकाशी लग्न लावलेला माणूस, दुसरं काय करणार? संध्याकाळी तो चित्रण बघायचा. माणूस चढताना स्वच्छ दिसायचा. उतरताना दिसायचा नाही. सात वाजता खोली रिकामी आणि दारासमोरची बाबागाडी गेलेली.

पोलिसांना काय सांगायचं, माझ्या दुकानात गिऱ्हाइकं येतात म्हणून? निहारिकाला त्याने सगळं सांगितलं. तिने चित्रण पाहिलं आणि म्हणाली, "तुझा कॅमेरा हालचाल झाली तरच चालू होतो ना? मध्येच बंद पडत असेल. आणि हे बघ, दुकान चाललंय. किती महिन्यांनी तू रात्रीचा झोपतोयस, उन्मेष." त्यालाही हेच ऐकायचं होतं.

एप्रिल उजाडला तसे आवाज सुरू झाले. दुपारी तीनच्या सुमारास रस्ता सुस्तावला की डोक्यावर कुणीतरी चालायचं. आधी एकच. डावं पाऊल ओढत, खिडकीपासून चौकापर्यंत आणि परत. मग हलकी, भराभर पडणारी पावलं. मग तिसरी.

"जुनं लाकूड आहे. इथल्या दमट हवेत फुगतं, वाजतं," तो ऋताला म्हणाला. तिने काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाला.

ऋताने पेन्सिल थांबवून वर पाहिलं. "बट बाबा, लाकूड लंगडत नाही ना?"

त्या दिवशी त्याने तिला बजावलं, की वर पाऊल टाकायचं नाही, जिन्यावर बसायचंही नाही. "फळ्या कुजल्यात," तो म्हणाला. ती "ओके लाह" म्हणाली आणि पुन्हा गणितं करू लागली. आता त्याला खरी भीती वाटू लागली होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

त्याने घरून रांगोळीचा डबा आणला. सकाळी वर जाऊन सगळ्या जमिनीवर पातळ थर पसरला. कुणी चाललं तर ठसे उमटतील, नाही उमटले तर लाकूडच वाजतंय, इतका साधा न्याय. दुपारी पावलं वाजली, रोजच्यापेक्षा जास्त. तो तडक वर गेला. रांगोळी जशीच्या तशी. कुठे बोटाचाही ठसा नाही. हुश्श करून तो खाली आला.

गल्ल्याशेजारी काळ्या सुती कापडाचा ताका उलगडून ठेवला होता. त्याच्यावर पांढऱ्या बारीक रेघा पडल्या होत्या, वरच्या फळ्यांच्या फटी जिथे होत्या तिथेच. तो बघत असताना डोक्यावर डावं पाऊल ओढलं गेलं, फळी दबली, आणि फटीतून थोडी रांगोळी आणखी खाली आली.

४

मे महिन्यातल्या एका रविवारी सेरंगूनच्या मॉलमध्ये तो आणि ऋता आइस्क्रीम खात उभे होते. समोरून ते पहिल्या दिवशीचे गृहस्थ आले. तेच. बायकोबरोबर, हातात किराणा सामानाच्या पिशव्या.

उन्मेषच्या डोळ्यांत पाणीच आलं. माणूस जिवंत आहे, धडधाकट आहे, बाजारहाट करतोय! म्हणजे इतके दिवस आपण साप साप म्हणून भुई धोपटत होतो. तो धावत पुढे गेला. "सर, यू केम टू माय शॉप! जू चियाट! रिमेंबर?"

गृहस्थ थांबले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, अगदी सभ्यपणे, आणि काहीच बोलले नाहीत. बायको घाईने म्हणाली, "सॉरी आह. माय हजबंड, सिन्स मार्च लाइक दॅट. डॉक्टर से नथिंग राँग. ईट ऑल्सो कॅन, वर्क ऑल्सो कॅन." मग ती जवळ आली आणि तिने आवाज उतरवला. "बट ॲट होम आय ऑल्वेज गेट फ्राइट. ही स्टँड बिहाइंड मी, आय डोंट नो. आय कॅनॉट हिअर हिम कम."

दोघं निघाले. मॉलची फरशी गुळगुळीत दगडाची. बायकोच्या चपला फटफट वाजत होत्या. गृहस्थांच्या पायात तेच काळे चामडी बूट होते, डावा पाय ते तसाच ओढत होते. उन्मेष कान देऊन ऐकत राहिला, ते दोघं सरकत्या जिन्यापर्यंत पोहोचेतो. बुटांचा आवाज येत नव्हता.

"बाबा, युअर आइस्क्रीम," ऋता म्हणाली. ते त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं.

५

सोमवारी त्याने निश्चय केला. वडील स्वर्गातून रागावले तर रागावोत, आज 'नाही' म्हणायचं.

अकरा वाजता एक आजीबाई आल्या. हातात पालेभाजीची पिशवी, पांढरे केस पिनेने मागे लावलेले. त्यांनी विचारलं. उन्मेष म्हणाला, "नो. सॉरी, आंटी. अपस्टेअर्स क्लोज्ड."

आजी रागावल्या नाहीत. हसल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. बारा वाजले, एक वाजला. बाहेरून बायका दुकानाशी येत, आजींच्या पाठीकडे बघत आणि पुढे जात. उन्मेषने खुर्ची दिली, पाणी दिलं, हात जोडले. आजी छताकडे बघत उभ्याच. वर आज एकही पाऊल वाजत नव्हतं. सगळे थांबले होते.

दोन वाजता शाळेची बस आली. दप्तर सावरत ऋता आजींच्या शेजारून आत शिरू लागली, तशी आजींनी प्रथमच मान खाली केली. पोरीकडे बघून त्या गोड आवाजात म्हणाल्या, "गर्ल गर्ल, अपस्टेअर्स कॅन सी, आह?"

ऋताने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"कॅन!" उन्मेष ओरडला. "आंटी, कॅन, कॅन! आय से कॅन!"

आजी जिना चढल्या. तो ऋताला पोटाशी धरून दारातच उभा राहिला, आणि त्याची नजर सहज वर गेली. दारावरच्या भोकाचं झाकण सरकलेलं होतं. वीतभर चौकोनातून वरचा अंधार दिसत होता, आणि त्या अंधारावर एक टाच आली. मग अख्खा तळवा. उघड्या भोकावर तो सपाट टेकला, बोटं पसरली, कातडी दबून पांढरी झाली. खाली टेकायला काहीही नव्हतं. तो उचलला गेला, दुसरा आला, मग तिसरा, एका पाठोपाठ एक, संथपणे, देवळातल्या प्रदक्षिणेला चालावं तसे. शेवटचा तळवा म्हातारा होता, भेगाळलेला, आणि तो तिथेच थांबला.

"बाबा, यू आर हर्टिंग मी," ऋता म्हणाली. त्याने हात सैल केले.

६

दुकान बंद करायचं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण तीन वर्षांचा करार होता, निहारिकाला काय सांगायचं हा प्रश्न होता, आणि खरी गोष्ट ही की दुसऱ्यांदा हरून घरी बसायची त्याची छाती नव्हती. मग त्याला साताऱ्याची एक युक्ती आठवली. मंदीच्या दिवसांत पद्माकरराव शेजारच्या एखाद्या पोराच्या हातात नाणं ठेवायचे, त्याला दुकानात बोलवायचे आणि हातरुमाल विकायचे. लहान मुलाच्या हातची भवानी चांगली. ती झाली, की मग येणारा कोणीही नुसतं गिऱ्हाईक. त्याला खुशाल 'नाही' म्हणावं.

इतकं सोपं! आपल्याला आधी कसं सुचलं नाही, म्हणून तो स्वतःशीच हसला. फार दिवसांनी हसला.

जूनची सुट्टी लागून आठवडा झाला होता, ऋता रोज सकाळपासून त्याच्याबरोबरच असायची. अकराला पाच मिनिटं असताना त्याने दार फक्त तिच्यापुरतं उघडलं. तिच्या हातात एक डॉलरचं नाणं ठेवलं. "तू गिऱ्हाईक. आत यायचं, लाल रिबीन मागायची, नाणं द्यायचं. बास."

"लाइक प्ले-प्ले?"

"हो. पण नीट."

ऋताला नाटकाची हौस. ती पडवीत गेली, केस सारखे केले आणि मोठ्या बाईसारखी चालत आत आली. तिने दुकानभर नजर फिरवली. रोज बघितलेलं होतं, ऐकलेलं होतं, गिऱ्हाईक कसं बोलतं ते तिला चांगलं पाठ होतं. मान वर करून तिने ऐटीत विचारलं, "अंकल, अपस्टेअर्स कॅन सी, आह?"

"कॅन, कॅन," उन्मेष म्हणाला.

तीन महिने रोज तोंडातून गेलेले शब्द. ते बाहेर पडले आणि मग त्याला ऐकू आले. ऋता खुदकन हसून जिन्याकडे वळली, तिचा पाय पहिल्या पायरीवर पडला, पायरी करकरली. तेवढ्यात त्याने गल्ल्यावरून उडी मारून तिला कमरेला धरून मागे ओढलं. दोघंही फरशीवर आपटली.

"बाबा! मी फक्त ॲक्टिंग करत होते!"

"माहीत आहे, राजा. माहीत आहे." त्याने तिचे गाल, हात, पाय चाचपून पाहिले. पोर धड होती, कोपराला खरचटल्यामुळे मुसमुसत होती. एकच पायरी. वर गेलीच नव्हती ती. त्याने तिला रिबीन दिली, नाणं घेऊन कपाळाला लावलं आणि गल्ल्यात टाकलं. भवानी झाली.

मग एक माणूस आला, त्याने वर बघायचं विचारलं. उन्मेष म्हणाला, "नो." माणूस "ओके" म्हणून निघून गेला. इतकं सोपं होतं! दिवसभर वर टाचणीचाही आवाज झाला नाही. तीन वाजले, चार वाजले, लाकूड गप्प. सहाला त्याने निहारिकाला फोन केला. "सुटलो गं," तो म्हणाला. "सगळं सांगतो. ये तू."

फोन ठेवून तो ताका गुंडाळायला वाकला. वर कुणीतरी धावलं.

खिडकीपासून चौकापर्यंत, तीन पावलं पळत आणि चौथ्याला उडी. परत तसंच. चालायला लागल्यापासून ही पोर अशीच पळायची. सेरंगूनच्या फ्लॅटवर खालचे शेजारी दोनदा तक्रार घेऊन आले होते.

"हळू गं, ऋता," सवयीने तो छताकडे बघून म्हणाला.

"मी कुठे पळतेय?"

ती त्याच्या कोपरापाशी उभी होती. स्टुलावरून उतरून, फरशी ओलांडून, चिंध्यांच्या ढिगाला वळसा घालून आली होती. पायात सुट्टीतही शाळेचेच बूट, रबराचे, एरवी चुरचुर वाजणारे.

"ऋता," तो म्हणाला, "दारापर्यंत जाऊन ये बरं."

"व्हाय?"

"जा ना. बाबा सांगतोय म्हणून."

ती गेली आणि आली. त्याने डोळे मिटून ऐकलं. बाहेरची वाहनं ऐकू आली, पंखा ऐकू आला. वरची धाव थांबली होती. मग लंगडं पाऊल तिच्याजवळ आलं, जरा थांबलं, आणि मोठी पावलं आणि छोटी पावलं मिळून सावकाश चौकाकडे चालू लागली.

सात वाजता निहारिका आली. "काय रे, सुटलो म्हणालास?" तिने विचारलं. तो ऋताच्या बुटांकडे बघत राहिला. "दमलायस तू. ये आवरून, आम्ही पुढे होतो," ती म्हणाली आणि ऋताचा हात धरला. ऋताने वळून त्याच्याकडे पाहिलं, अगदी सभ्यपणे. दोघी पडवीतून निघाल्या. निहारिकाच्या सँडलचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला, तेवढाच.

उन्मेषने दारं ओढली नाहीत. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसला. वर ऋता पुन्हा पळू लागली होती, आणि तिला इथे एकटं टाकून घरी कसं जायचं, हे त्याला कळेना.